भिंद्रनवाले : गोष्ट कुठल्या तारखेपासून सांगायची?

१९८४ च्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईत मारले गेलेले शीख धर्मप्रचारक जरनैलसिंग भिंद्रनवाले यांच्यावर मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच वाक्याला अडतं. 'तो' लिहायचं की 'ते'? 'ते' लिहिलं तर उदोउदो केल्यासारखं वाटतं, 'तो' लिहिलं तर निकाल देऊन मोकळं झाल्यासारखं. मी 'ते' लिहितो आहे. तेवढ्यावरून बाजू ठरवू नये.

दुसरी अडचण त्यांच्या नावाआधी लागणाऱ्या 'संत' या शब्दाची. आपल्याकडे संत म्हणजे ज्ञानोबा-तुकोबा. गुरू ग्रंथ साहिबात ज्यांची ६१ पदं आहेत, ते आपले नामदेव तिकडे 'भगत नामदेव' असतात. पंजाबच्या खेड्यात 'संत' म्हणजे डेऱ्याचा किंवा टकसालीचा प्रमुख, गावोगाव फिरून कथा सांगणारा, अमृत देऊन लोकांना खालसा पंथात घेणारा. टकसाल म्हणजे आपली टांकसाळ. तिथे नाणी पडत नाहीत, गुरुबाणी शुद्ध म्हणणारे आणि तिचा अर्थ लावणारे घडतात. दमदमी टकसाल आपला वारसा थेट गुरू गोविंदसिंगांपर्यंत नेते.

मोगा जिल्ह्यातल्या रोडे गावच्या शेतकरी कुटुंबात १९४७ साली जन्मलेला हा मुलगा विशीच्या आतच टकसालीत गेला. 'भिंद्रनवाले' हे आडनाव नव्हे. भिंदर गावाशी नातं असलेल्या टकसालीच्या प्रमुखांना लागलेली ती उपाधी. आधीचे प्रमुख कर्तारसिंग १९७७ मध्ये मोटार अपघातात गेले आणि तिशीच्या जरनैलसिंगांकडे गादी आली. दारू सोडा, तंबाखू सोडा, केस-दाढी कापू नका, अमृत घ्या, असा त्यांचा प्रचार. हरितक्रांतीनं पंजाबात पैसा आणला, पाठोपाठ दारू आणि कर्जही आणलं. अशा घरांतल्या बायकांना हा माणूस देवमाणूस वाटला, तर त्यात नवल नाही. त्यांच्या लोकप्रियतेचं हे मूळ दिल्लीतल्या चर्चांमध्ये बहुतेक वेळा गळून पडतं.

यापुढे मात्र प्रत्येकाची गोष्ट वेगळ्या तारखेला सुरू होते, आणि मतभेदाचं मूळ माझ्या मते तिथंच आहे.

श्रद्धावान शीख १३ एप्रिल १९७८ पासून सुरू करतो. त्या बैसाखीला अमृतसरमध्ये संत निरंकारींचं संमेलन होतं. जिवंत माणसाला गुरू मानणारा हा पंथ परंपरानिष्ठ शिखांना पाखंडी वाटे. निषेधाला गेलेल्या शिखांपैकी १३ जण मारले गेले. खटला हरियाणात, कर्नालला चालला आणि जानेवारी १९८० मध्ये निरंकारी प्रमुख गुरबचनसिंग यांच्यासह सगळे आरोपी सुटले. चारच महिन्यांत, २४ एप्रिलला, दिल्लीत गुरबचनसिंगांचा खून झाला. न्यायालयाकडून न्याय मिळत नाही, ही भावना इथे रुजली आणि भिंद्रनवालेंनी ती आयुष्यभर बोलून दाखवली.

पंजाबी हिंदू ९ सप्टेंबर १९८१ पासून सुरू करतो. 'पंजाब केसरी'चे लाला जगतनारायण यांची त्या दिवशी गोळ्या घालून हत्या झाली. भाषेचं जुनं भांडण यामागे होतं. जनगणनेत अनेक पंजाबी हिंदूंनी मातृभाषा हिंदी लिहिली होती, शिखांना तो विश्वासघात वाटला होता, आणि लालाजींची वृत्तपत्रं हिंदीच्या बाजूनं उभी होती. भिंद्रनवालेंवर संशय आला. टकसालीचं ठाणं असलेल्या मेहता चौक या गावात हजारोंच्या साक्षीनं त्यांनी स्वतःला अटक करून घेतली, पण महिन्याभरात पुराव्याअभावी ते सुटले. कुठल्याही न्यायालयात ते कधी दोषी ठरले नाहीत, हे त्यांचे समर्थक आवर्जून सांगतात. गावोगाव मोटरसायकली आणि पिस्तुलं घेण्याचं त्यांचं आवाहन कॅसेटवर आहे, हे विरोधक तितक्याच आवर्जून सांगतात. दोन्ही खरं आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये पंजाबातल्या ढिलवांजवळ बसमधून हिंदू प्रवाशांना वेगळं काढून मारण्यात आलं. त्या घरांना राज्याला जास्त अधिकार मागणाऱ्या आनंदपूर साहिब ठरावातली कलमं ऐकवून काय उपयोग?

काँग्रेसविरोधकांची गोष्ट १९७९ पासून. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या निवडणुकीत अकाली दल या शिखांच्या पक्षाला शह द्यायला भिंद्रनवालेंचे उमेदवार पुढे आले आणि सपाटून आपटले. त्यांना पुढे आणण्यात काँग्रेसचे झैलसिंग आणि संजय गांधी यांचा हात होता, हे कुलदीप नय्यर आणि मार्क टली या पत्रकारांनी ठासून मांडलं. टकसालीचे लोक हे मान्य करत नाहीत. मला एवढंच वाटतं की हात असला तरी 'दिल्लीनं बनवलेलं बाहुलं' हे वर्णन अपुरं आहे. बाहुल्याच्या कथेला गावं रात्रभर जागत नाहीत.

अकालींच्या मागण्या १९७३ च्या आनंदपूर साहिब ठरावापासूनच्या होत्या : राज्याला जास्त अधिकार, चंदीगड, नद्यांचं पाणी. ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांचा धर्मयुद्ध मोर्चा सुरू झाला, भिंद्रनवाले त्यात सामील झाले आणि हळूहळू अकालींचे नेते हरचंदसिंग लोंगोवाल मागे पडले. एप्रिल १९८३ मध्ये सुवर्णमंदिरात माथा टेकून बाहेर पडणारे पोलीस अधिकारी अवतारसिंग अटवाल यांना तिथंच गोळ्या घातल्या. मारला गेलेला शीखच होता. त्या डिसेंबरात भिंद्रनवाले सुवर्णमंदिराच्या आवारातल्या अकाल तख्तात राहायला गेले. धर्मस्थानात शस्त्रं ठेवणं बाहेरच्याला विटाळ वाटतो. अकाल तख्त मात्र सहावे गुरू हरगोविंद यांनी उभारलेलं, मीरी (ऐहिक सत्ता) आणि पीरी (आध्यात्मिक सत्ता) अशा दोन तलवारी बांधणाऱ्या गुरूंचं आसन आहे. खलिस्तानविषयी, म्हणजे शिखांच्या स्वतंत्र राष्ट्राविषयी, विचारलं की भिंद्रनवाले म्हणत, मी मागत नाही, दिला तर नाकारणार नाही. दरबार साहिबवर, म्हणजे सुवर्णमंदिरावर, सैन्य आलं तर मात्र खलिस्तानचा पाया घातला गेलाच म्हणून समजा.

जून १९८४ मध्ये सैन्य आलं, गुरू अर्जुनदेवांच्या शहीदी दिवसाला जोडून. हेच ऑपरेशन ब्लू स्टार. आतली मोर्चेबांधणी बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला तयार करणारे माजी मेजर जनरल शाबेगसिंग यांची, बाहेरून हल्ल्याचं नेतृत्व मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार यांचं. तेही शीखच. रणगाड्यांनी अकाल तख्त उद्ध्वस्त झालं. सरकारी श्वेतपत्रिकेनुसार लष्कराचे ८३ जण गेले. आत किती यात्रेकरू गेले, यावर आजही एकमत नाही. भिंद्रनवाले ६ जूनला मारले गेले. त्यांच्यावर सतत टीका करणारे खुशवंतसिंग यांनीही नंतर पद्मभूषण परत केलं. भिंद्रनवाले न आवडणाऱ्या हजारो शिखांची गोष्ट त्या जूनमध्ये, किंवा जवळजवळ पाच महिन्यांनी इंदिराजींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा, नव्यानं सुरू झाली. टकसालीनं तर त्यांचा मृत्यूच दोन दशकं मान्य केला नाही. २००३ मध्ये अकाल तख्तानं त्यांना शहीद जाहीर केलं आणि २००७ मध्ये सुवर्णमंदिर परिसरातल्या शीख संग्रहालयात त्यांचं तैलचित्र लागलं.

मराठी माणसाची तारीख यांपैकी कुठलीच नाही. ती १० ऑगस्ट १९८६ आहे. ब्लू स्टारच्या वेळचे लष्करप्रमुख अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले होते. दोनदा महावीर चक्र मिळवलेल्या या सेनानीला मोटारसायकलवरून आलेल्यांनी भर रस्त्यात गोळ्या घातल्या. हरजिंदरसिंग जिंदा आणि सुखदेवसिंग सुखा यांना ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात फाशी झाली. पुण्यात ते मारेकरी आहेत. सुवर्णमंदिर परिसरात त्यांची बरसी, म्हणजे पुण्यतिथी, पाळली जाते.

सप्टेंबर २०२२ मध्ये रोडे गावात खलिस्तानवादी प्रचारक अमृतपालसिंग यांची दस्तारबंदी, म्हणजे पगडी बांधण्याचा विधी, झाली, तशीच पगडी, तसाच पेहराव. भिंद्रनवाले गेल्यावर नऊ वर्षांनी जन्मलेला हा तरुण २०२४ मध्ये आसाममधल्या दिब्रूगडच्या तुरुंगातून पंजाबातल्या खडूर साहिबची लोकसभा निवडणूक दोन लाखांना थोड्याच कमी मताधिक्यानं जिंकला.