पाइकच्या लूरचा रंग सोडा, आधी पाणी किती गार आहे ते सांगा

कॅनडात सस्कॅचेवानच्या उत्तरेला किंवा त्याच्याही वर ग्रेट स्लेव्ह लेकच्या बाजूला पाइक मासा पकडायला जायचं म्हणजे बऱ्याच कॅम्पवर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या फ्लोटप्लेननंच जावं लागतं, आणि त्यात माणसागणिक सामान किती ते वजन करून ठरलेलं असतं. दुकान तिथे नाहीच. त्यामुळे लूरचा, म्हणजे हुक लावलेल्या खोट्या आमिषांचा, डबा भरताना लोकांची जाम पंचाईत होते, आणि दुकानाची भिंत बघितली तर एकाच चमच्याचे (चमच्यासारखा वळवलेला पत्र्याचा लूर) पंचवीस-तीस रंग टांगलेले असतात. माझं सरळ मत सांगतो, यातले निम्मे रंग मासे पकडायला नसून गिऱ्हाइकं पकडायला आहेत.

आधी मासा बघू. पाइक, शास्त्रीय नाव ईसॉक्स ल्युसियस, हा उत्तर गोलार्धातला गोड्या पाण्यातला शिकारी, कॅनडा, अलास्का, स्कँडिनेव्हिया, सायबेरिया सगळीकडे एकच जात. पाठलाग करणं त्याच्या स्वभावात फारसं नाही, तो गवताच्या कडेला लाकडासारखा स्थिर उभा राहतो आणि टप्प्यात काही आलं की झेप घेतो. (आपल्याकडचा मरळही दबा धरूनच मारतो, म्हणून रबरी बेडूक टाकून मरळ पकडणाऱ्यांना पाइकचं वागणं पटकन कळतं, नातं मात्र दोघांचं काही नाही.) पाइकचा पाठीवरचा आणि पोटाकडचा पर अगदी मागे, शेपटीला चिकटल्यासारखा असतो, त्यामुळे अंग इंग्रजी एससारखं वाकवून सोडलं की मागचं अख्खं टोक एका रुंद वल्ह्याचं काम करतं. प्रयोगशाळेत मोजलंय, या झेपेचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या दहापटीहून जास्त जातो. पण हे सगळं क्षणभरापुरतंच, पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये सावज हाती नाही लागलं तर तो बहुतेक वेळा सोडून देतो. म्हणजे लूरचं पहिलं काम, त्या दोन-तीन मीटरच्या टप्प्यात पुरेसा वेळ राहणं.

मग त्याला लूर कळतो कसा? डोळे वर आणि पुढे, त्यामुळे तो बरंचसं खालून वर बघतो आणि उजळ आकाशासमोर सावजाची काळी आकृती दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे पार्श्वरेषा, अंगाच्या दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरच्या छिद्रांमधून पाण्याची हालचाल ओळखणारी यंत्रणा. ती लांबचं सांगत नाही, साधारण अंगाच्या एक-दोन लांबीपर्यंतचं सांगते, पण शेवटच्या क्षणी नेम धरायला तेवढं पुरतं. गढूळ पाण्यात किंवा संध्याकाळी पाइकला खायला मिळतं ते यामुळेच.

आता चमचा. पाण्यातून ओढला की त्याच्या एका कडेवरून भोवरा सुटतो, मग दुसऱ्या कडेवरून, परत पहिल्या, आणि त्या आळीपाळीच्या धक्क्यांनी तो डुलत येतो, डुलताना चमकतो आणि पाणी हलवतो, म्हणजे डोळ्यालाही निरोप आणि पार्श्वरेषेलाही. ही युक्ती जुनी आहे, अमेरिकेत व्हर्मांटच्या ज्युलिओ ब्यूएलनं 1852 मध्ये अशा चमच्याचं पेटंट घेतलं होतं, आणि डेट्रॉइटच्या लू एपिंगरचा लाल-पांढरा डार्डेव्हल शंभर वर्षांनंतर अजून खपतोय. फिनलंडच्या लाउरी रापालानं 1936 मध्ये बूच कोरून मासा बनवला तेव्हा त्यालाही नेमकी तीच गोष्ट हवी होती, जखमी माशासारखी वेडीवाकडी चाल.

आणि इथेच तापमान येतं, जे बहुतेक लोक डबा भरताना विसरतात. पाइक थंड रक्ताचा, म्हणजे पाणी जितकं गार तितकी त्याची सगळी यंत्रणा मंद, पचन मंद, भूक कमी, ढोबळ मानानं 10 अंश सेल्सिअसनं पाणी तापलं की शरीराचा खर्च दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. ग्रेट स्लेव्हसारख्या तलावावर बर्फ जूनपर्यंत टिकतो, तेव्हा मधलं पाणी बर्फाळच असतं पण काळ्या तळाच्या उथळ खाड्या उन्हानं काही अंश जास्त तापतात आणि नुकतीच अंडी घातलेले मोठे पाइक तिथेच रेंगाळतात. अशा पाण्यात जड चमचा भराभर ओढून काही होत नाही. तिथे पातळ पत्र्याचा चमचा लागतो, कारण आकार तोच ठेवून पत्रा निम्म्या जाडीचा केला की वजन निम्मं होतं, तो हळू बुडतो आणि अगदी सावकाश ओढला तरी डुलत राहतो. किंवा मग जर्कबेट, म्हणजे झटके देऊन चालवायचा आणि थांबलं की पाण्यात जागच्या जागी लटकणारा माशाच्या आकाराचा लूर, दोन झटके द्यायचे आणि थांबायचं, खूप थांबायचं, आपल्याला कंटाळा येईल इतकं. थांबल्यावरच घास पडतो बऱ्याचदा.

जुलैत गवत वर येतं, रुंद पानांचं, तिथले लोक त्याला कॅबेजच म्हणतात, मग उघडे हुक असलेलं काहीही टाकलं की नुसता पाला येतो. तिथे जॉन्सन सिल्व्हर मिनो नावाचा चमचा, ज्याच्या हुकपुढे तारेची आड असते, किंवा स्पिनरबेट, म्हणजे तारेवर गरगरणारं पातं लावलेला लूर. आता पाणी कोमट असतं, मासा चपळ असतो, म्हणून जोरात ओढलं तरी चालतं. पण पाणी 20 अंशांच्या वर गेलं की मोठे पाइक, जे जवळपास सगळे माद्याच असतात, उथळ पाणी सोडून खाली गारव्याला जातात, तिथे सिस्को आणि व्हाइटफिशसारखे चरबीदार मासे असतात. लहान पाइक उष्णता जास्त सहन करतात, ते गवतातच राहतात. म्हणून ऑगस्टमध्ये उथळ खाडीत दिवसभर हातभर लांबीचेच मासे मिळाले तर लूर बदलत बसू नका, जागा आणि खोली बदला, जाड चमचा नाहीतर क्रँकबेट लावा, म्हणजे तोंडापुढच्या मोठ्या जिभेसारख्या पट्टीमुळे ओढताना खोल जाणारा माशाच्या आकाराचा लूर.

रंगाचं काय मग? शुद्ध पाणी लाल प्रकाश आधी गिळतं, म्हणून काचेसारख्या स्वच्छ तलावात पाच-सहा मीटर खाली लाल रंग करडा-काळा दिसतो. दलदलीतून येणारं चहाच्या रंगाचं पाणी असेल तर उलटं, त्यात विरघळलेला सेंद्रिय माल निळा प्रकाश आधी खातो आणि नारिंगी-लाल उरतो. म्हणजे एकच लाल चमचा एका तलावात काळा आणि शेजारच्या तलावात भडक. त्यापेक्षा तीन गोष्टी घ्या, एक चांदीसारखा चमकणारा, एक भडक पिवळा-नारिंगी, एक काळा. काळा संध्याकाळी. बस.

पण दुर्गम तलावावर लूर इतके चालतात त्याचं खरं कारण मला वाटतं वेगळंच आहे. 1970 मध्ये नेदरलँड्सच्या ब्युकेमा यांनी तळ्यात सोडलेल्या पाइकवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्पिनरनं (ओढताना पातं गरगरणारा लूर) एकदा पकडलेले पाइक पुन्हा स्पिनरला फारसे येईनात, पण जिवंत आमिषाला मात्र आधीसारखेच येत राहिले. म्हणजे मासा खोट्याची खूण लक्षात ठेवतो. उत्तरेकडच्या तलावात मात्र कित्येक माशांनी लूर कधी बघितलेलाच नसतो, त्यामुळे तुमच्या चमच्याची जी ख्याती होते त्यात माशाच्या अज्ञानाचा वाटा मोठा, हे कंपन्या जाहिरातीत कशाला सांगतील. उलट एखाद्या खाडीत रोज बोटी येत असतील तर तिथे तो सगळ्यांचा आवडता चमचा सोडून वेगळ्या चालीचं काहीतरी फेकून बघा.

आकाराबद्दल एक गंमत. स्वीडनमध्ये ब्रॉनमार्क आणि मायनर यांनी 1992 मध्ये दाखवलं की पाइक असलेल्या तळ्यात क्रूशियन कार्प उंचीनं फुगतो, पोटापासून पाठीपर्यंत जाड होतो, कारण पाइक सावज आडवं पकडतो आणि मग डोक्याकडून गिळतो, तोंडात न मावणारा मासा सुटतो. तरीही पाइक जमेल तेवढं मोठं घेतोच असं नाही, गिळायला वेळ लागला की दुसरा पाइक तोंडातलं पळवतो किंवा त्यालाच खातो. म्हणून फूटभर लांबीचा लूर लावायलाच हवा असं काही नाही, वीतभर पुरतो, आणि लांब पण सडपातळ असलेला जास्त बरा.

हुकवर मात्र तडजोड नको. उत्तरेत पाइक फार हळू वाढतो, मीटरभर लांबीची मादी वीस वर्षांच्या आसपासची असू शकते, ती मारली तर तिची जागा भरायला दोन दशकं जातात. मॅनिटोबात उलट्या काट्याचे हुक कायद्यानंच बंद आहेत, बाकी ठिकाणीही पक्कडीनं तो काटा दाबून टाका, आणि जमलं तर तीन टोकांचा हुक काढून एकेरी बसवा. चमच्यावर तर एकेरी हुक अजिबात आड येत नाही. मऊ रबरी मासे छान चालतात हे खरं, पण पाइक ते खोलवर गिळतो, त्यामुळे मी ते कमीच ठेवतो.

लाइनच्या टोकाला स्टीलची किंवा टायटॅनियमची तार लागतेच, कारण त्या दातांपुढे साधी लाइन टिकत नाही आणि तुटली तर हुक माशाच्या तोंडात राहतो. सोबत लांब नाकाची पक्कड आणि हुक कापायचा कटर. कल्ल्याजवळ हुक अडकून बसला तर खेचाखेची करत बसू नका, मासा पाण्यातच ठेवून हुक सरळ कापा, नवा हुक दोन डॉलरचासुद्धा नसतो.