बाटलीवरचं पान

एका काचेच्या भांड्यात वनस्पती तेलापासून बनवलेला द्रवसाबण घेतला आणि त्यात तेवढंच व्हिनेगर ओतलं. ‘नैसर्गिक स्वच्छता’ म्हटलं की या दोन्ही गोष्टींचं नाव हमखास निघतं, तेव्हा दोन्ही एकत्र केल्या तर काम दुप्पट होईल असा साधा हिशेब होता. दहा-वीस सेकंदांत तो सोनेरी, पारदर्शक द्रव गढूळ झाला. मग दूध नासावं तसे पांढरे गोळे धरले आणि वर तेलकट तवंग आला. फडक्यावर घेऊन ते ओट्यावर फिरवलं, तर ओटा आधीपेक्षा चिकट.

घडलं ते इतकंच: साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. त्याला आम्ल भेटलं की मेदाम्ल पुन्हा मूळ रूपात येतं आणि मूळ रूपात ते पाण्यात विरघळत नाही. तेलाचा साबण करायला कारखान्यात जी मेहनत घेतली होती, ती एका वाटी व्हिनेगरने अर्धीअधिक उलटी फिरवली. खायचा सोडा आणि व्हिनेगर या लोकप्रिय जोडीचंही असंच. फसफस झकास दिसते, पण ती थांबल्यावर उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. दोघांचेही वेगवेगळे उपयोग होते, एकत्र येऊन त्यांनी ते घालवले.

या प्रयोगातल्या सगळ्या वस्तू ‘नैसर्गिक’ होत्या. पण रेणूंना आपण कुठून आलो याच्याशी काही देणंघेणं नसतं. वनस्पतीजन्य क्लीनरविषयीचा बराचसा गोंधळ हा फरक विसरल्यामुळे होतो. लेबलवरचं हिरवं पान मालाचा उगम सांगतं. तो माल काय करतो आणि काय बिघडवतो, हे प्रश्न वेगळे.

उगमाचं म्हणाल तर तो मोजता येतो, आणि मोजायची रीत फार सुंदर आहे. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो. झाडं तो हवेतून घेतात. त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षांचा, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. पेट्रोलियम कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असल्यामुळे त्यातला कार्बन-१४ कधीच संपलेला असतो. म्हणजे द्रवातला कार्बन-१४ मोजला की त्यातला किती कार्बन अलीकडच्या झाडातला आणि किती खनिज तेलातला हे कळतं. जुन्या हाडांचं वय काढणारी हीच पद्धत एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या डी६८६६ या मानकाच्या रूपाने साबणाच्या बाटलीलाही लागू होते.

मात्र ही चाचणी फक्त कार्बन मोजते. पाणी आणि मीठ हिशेबात येतच नाहीत. सोडियम लॉरेथ सल्फेट हा बऱ्याच क्लीनरमध्ये दिसणारा घटक घ्या. त्याची १२ कार्बनची शेपटी बहुधा नारळाच्या किंवा पामच्या गराच्या तेलातून येते. मग तिला इथिलीन ऑक्साइडची जोड देतात आणि ते सहसा पेट्रोलियममधून येतं. अशा दोन जोडण्या असतील तर ४ कार्बन आणखी वाढले. १६ पैकी १२, म्हणजे ७५ टक्के वनस्पतीजन्य! आकडा अगदी खरा आहे. पण त्याच जोडणीच्या प्रक्रियेत १,४-डायऑक्सेन नावाचा, कर्करोगाला कारणीभूत असल्याचा संशय असलेला उपपदार्थ अंशमात्र तयार होतो. तो मुद्दाम घातलेला नसतो, त्यामुळे घटकांच्या यादीत दिसत नाही. निर्वात प्रक्रियेने तो बराचसा काढता येतो, फक्त उत्पादकाने ती तसदी घ्यायला हवी. न्यूयॉर्क राज्याने घरगुती क्लीनरमध्ये त्याला २०२२ अखेरपासून दशलक्षात २ भाग आणि २०२३ अखेरपासून १ भाग अशी मर्यादा घातली आहे. ७५ टक्क्यांच्या त्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

उलट बाजूची गंमतही सांगायला हवी. लेबलवर लिंबाचं चित्र असतं आणि आत सायट्रिक आम्ल. ते लिंबातून काढलेलं असेल असं समजू नका. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिलं की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून हे आम्ल भरपूर बनवते, आणि आजही ते मुख्यतः तसंच बनतं. त्यामुळे आम्लात काही उणं येत नाही. नळावरचा पांढरा क्षारांचा थर ते तितक्याच इमानाने काढतं, आणि संगमरवराची चकाकीही तितक्याच इमानाने घालवतं, कारण थर काय किंवा संगमरवर काय, दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेटच.

आता मुद्द्याचं: भांडी निघतात का? तेलकटपणा काढायचं काम सर्फॅक्टंट करतात. त्यांच्या रेणूचं डोकं पाण्याला धार्जिणं, शेपटी तेलाला. पुरेसे रेणू जमले की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोळा होतात. या गोळ्याला मिसेल म्हणतात, आणि तेलाचा कण त्याच्या पोटात शिरून पाण्याबरोबर वाहून जातो. ‘पुरेसे’ हा शब्द इथे महत्त्वाचा. सोडियम लॉरिल सल्फेटचे गोळे शुद्ध पाण्यात लिटरला साधारण सव्वादोन ग्रॅमच्या पुढेच बनतात. त्याखाली कितीही घासा, तेल फक्त जागा बदलतं. साखर आणि वनस्पती तेलातला मेद जोडून केलेली ग्लुकोसाइडं, म्हणजे लेबलवरचं डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोको ग्लुकोसाइड, यापेक्षा कमी प्रमाणात हे काम सुरू करतात. शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्यांचं वाकडं नाही. साध्या साबणाचं मात्र आहे. जड पाण्यात त्याचा राखाडी साका बसतो आणि अर्धा साबण त्यातच खर्ची पडतो.

म्हणून ‘वनस्पतीजन्य द्रव कमजोर असतात’ हे सरसकट विधान मला पटत नाही. चांगलं बांधलेलं मिश्रण रोजच्या भांड्यांना पुरतं. फेस कमी येतो म्हणून शंका घेऊ नये, फेस आणि सफाई यांचं नातं ढिलं आहे. भांडी धुण्याच्या यंत्राची पावडर तर मुद्दाम बिनफेसाची करतात. हेर्बर्ट सिनर या जर्मन रसायन अभियंत्याने १९५९ मध्ये सफाईचे चार वाटेकरी सांगितले होते: रसायन, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ. एकाचा वाटा कमी झाला की दुसऱ्यांना तो भरून काढावा लागतो. सौम्य द्रव घेतला तर पाणी कोमट घ्या किंवा भांडं दहा मिनिटं भिजत ठेवा. आपण बहुतेक वेळा हे काहीच न करता द्रव बदलतो.

घरच्या घरी तुलना करायची असेल तर प्रामाणिकपणे करावी. दोन सारख्या ताटल्यांना मोजून एकेक चमचा तेल लावायचं, ते रात्रभर तसंच ठेवायचं, पाणी एकाच नळाचं, द्रव सुईविरहित सिरिंजने मोजलेला, घासण्याचे फेरे मोजून वीस. कुठला द्रव कुठल्या वाटीत हे दुसऱ्याने ठरवायचं आणि आपल्याला सांगायचं नाही. ही शेवटची अट वगळली की प्रयोगाचा निकाल आधीच लागलेला असतो, कारण वासावरून आपण कौल देऊन मोकळे होतो. आणि तिसऱ्या वाटीत नुसतं कोमट पाणी ठेवायला विसरू नका. ती वाटी कधीकधी लाज आणते.

स्वच्छ होणं आणि जंतू मरणं या मात्र दोन गोष्टी. साबणाने बरेचसे जंतू मळाबरोबर निघून जातात आणि रोजच्या घरकामाला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. मारण्याचा दावा असेल तर तो आकड्यांत बघावा. १० लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले तर मागे १,००० उरतात, ९९.९९९ टक्के मेले तर १०. दिसायला फरक नगण्य, पण अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा जिवाणू १,००० वरून पुन्हा १० लाखांवर साडेतीन तासांच्या आत पोचतो. युरोपातली ईएन १२७६ ही चाचणी दुसरा, कडक निकष लावते, आणि तोही द्रवात मुद्दाम प्रथिनांचा मळ मिसळून, कारण खऱ्या ओट्यावर मळ असतोच.

वनस्पतींत जंतुनाशकं नाहीत असं नाही. ओव्याला ज्याचा उग्र वास असतो तो थायमॉल खरोखर जंतू मारतो, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कोरोना विषाणूसाठी केलेल्या यादीत थायमॉल आणि सायट्रिक आम्ल असलेली उत्पादनंही होती. पण लेबल खालपर्यंत वाचा. थायमॉलच्या अनेक उत्पादनांवर लिहिलेलं असतं: पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. पंख्याखालच्या ओट्यावर स्प्रे मारून घड्याळ लावलं तेव्हा चार मिनिटांत ओटा कोरडा झाला होता. आणि आपण तर मारला स्प्रे की लगेच पुसतो. व्हिनेगरचीही हीच गोष्ट. २०१४ मध्ये प्रयोगशाळेत ६ टक्के ॲसिटिक आम्लाने क्षयाचे जिवाणू मारून दाखवले गेले, पण त्यासाठी अर्धा तास संपर्क लागला. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंवर घरगुती व्हिनेगर बेभरवशाचंच. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील किंवा कच्च्या मांसाचं पाणी सांडलं असेल, तर तिथे पानाफुलांचा मोह न धरता सिद्ध झालेलं जंतुनाशकच वापरावं. आणि ब्लीच वापरलं तर त्याच्या आसपास व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल फिरकू देऊ नये. आम्ल आणि ब्लीच मिळून क्लोरीन वायू सुटतो, मग आम्ल कुठल्याही झाडाचं असो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला सर्वात जास्त काळजी वाटते ती ज्या गोष्टीमुळे लोक हे द्रव घेतात तिची, म्हणजे सुगंधाची. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन तेल-चिकट्याला उत्तम विरघळवतं. ताजं असताना त्वचेलाही फारसं त्रासदायक नाही. पण हवा लागली की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ते ॲलर्जी जडवतात. लव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तेच. म्हणजे अर्धी वापरून वर्षभर कपाटात राहिलेली बाटली नव्या बाटलीइतकी सौम्य राहत नाही. खोलीतल्या हवेत ओझोन असेल तर लिमोनीनची वाफ त्याच्याशी क्रिया करून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करते. मांजर पाळलं असेल तर टी ट्री तेल घरात न आणलेलंच बरं. मांजराच्या यकृताला असले पदार्थ नीट निकाली काढता येत नाहीत.

सौम्य म्हणून मी ज्यांची वर बाजू घेतली त्या ग्लुकोसाइडांनाही अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं होतं. याचा अर्थ ती घातक आहेत असा नाही, बहुतेकांना काहीच होत नाही. पण ज्याच्या हाताला खाज सुटते त्याला ‘नैसर्गिक आहे, त्रास होणार नाही’ असं सांगण्यात अर्थ नाही.

द्रव कुठल्या रूपात वापरतो यानेही फरक पडतो. १० युरोपीय देशांत घरची साफसफाई स्वतः करणाऱ्या ३,५०३ जणांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एकदा तरी स्प्रे वापरणाऱ्यांत दम्याची लक्षणं जास्त आढळली. निव्वळ पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण तुषार श्वासात जातात हे उघड आहे. तोच द्रव फडक्यावर ओतून पुसला तर हा प्रश्न जवळपास उरत नाही. द्रव बदलण्यापेक्षा ही सवय बदलणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पर्यावरणाबद्दल थोडक्यात. १९५० च्या दशकात फांद्या असलेल्या साखळीचे डिटर्जंट जिवाणूंना पचेनात आणि नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, आणि उद्योगाने साखळी सरळ केली. तो नवा रेणूही पेट्रोलियमचाच होता, पण जिवाणूंना तो पचला. आज विघटनाची परीक्षा २८ दिवसांची असते, ६० टक्के विघटन झालं की पास. ग्लुकोसाइडं ती सहज पार करतात. पाम तेलासाठी तोडलेलं जंगल मात्र या परीक्षेत मोजलं जात नाही.

राहता राहिले परिरक्षक, म्हणजे द्रवात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेले पदार्थ, ज्यांच्या नावाने सगळ्यात जास्त बोटं मोडली जातात. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक २०१३ मध्ये त्याच ‘वर्षाच्या ॲलर्जीकारका’च्या मानाला पोचलं होतं, तेव्हा तक्रार अगदी निराधार नाही. पण ९० टक्के पाणी आणि थोडी साखरेसारखी रसायनं ही जिवाणूंना मेजवानीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला सुमारे ४९ लाख बाटल्या परत मागवाव्या लागल्या, कारण बनवताना परिरक्षक ठरल्याप्रमाणे पडलं नव्हतं आणि सफाईच्या द्रवात स्युडोमोनास जिवाणू वाढण्याचा धोका होता. घरी साबण, पाणी आणि सुगंधी तेलाचं मिश्रण करून बाटलीत भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ते थोडंच करावं आणि काही दिवसांत संपवावं. जुन्यात नवं ओतत राहण्याची सवय तर सोडावीच. बाटली रिकामी झाली की एकदा आतून बोट फिरवून बघा. तळ बुळबुळीत लागला तर ती जिवाणूंची साय आहे. कडक पाण्याने घासून, पालथी घालून पुरती वाळवायची आणि मगच भरायची.