वायू व निर्वात निरोधनातील विद्युत ब्रेकडाउनचे सांख्यिकीय वर्तन

दोन इलेक्ट्रोडांमधली वीज अडवणारी (निरोधक) वायूची किंवा निर्वात जागा, म्हणजे गॅप, व्होल्टेज सहन करेनाशी होते आणि तिच्यातून अचानक मोठा प्रवाह वाहू लागतो, तेव्हा ब्रेकडाउन झाले असे म्हणतात. एकाच गॅपवर तेच व्होल्टेज पुन्हापुन्हा दिले, तर कधी ठिणगी पडते, कधी पडत नाही. म्हणून ब्रेकडाउन व्होल्टेज हा एक ठाम आकडा नसतो, ते संभाव्यतेचे वितरण असते. १ सेंमी हवेला सुमारे ३० किलोव्होल्ट ही पाठ्यपुस्तकातली किंमत खरी आहे. पण तिच्याभोवती मोजमापे किती विखुरतात हे कळल्याशिवाय तिच्या भरवशावर उपकरणाचा आराखडा करू नये.

वायूमध्ये ही अनिश्चितता मुख्यतः पहिल्या इलेक्ट्रॉनमुळे येते. व्होल्टेज पुरेसे असले तरी योग्य जागी एक तरी मुक्त इलेक्ट्रॉन हवा. तो वैश्विक किरणांतून, नैसर्गिक किरणोत्सर्गातून किंवा कॅथोडच्या (ऋण इलेक्ट्रोडच्या) पृष्ठभागातून येतो, आणि केव्हा येईल ते सांगता येत नाही. त्याची वाट पाहण्यात जाणाऱ्या वेळेला सांख्यिकीय विलंब म्हणतात. पुढे टकरींमधून इलेक्ट्रॉनांची संख्या भराभर वाढत जाऊन ठिणगी तयार होते. तो घडणीचा विलंब. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांनी १९२५ मध्ये या विलंबांची मांडणी केली. अजून न फुटलेल्या गॅपच्या प्रमाणाचा लॉगरिदम वेळेसमोर मांडला, की जवळजवळ सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून परिणामकारक, म्हणजे ठिणगी सुरू करू शकणारे, इलेक्ट्रॉन कोणत्या दराने मिळतात ते कळते. अतिनील प्रकाश पडला की ठिणगी सहज पडते, हे हाइनरिख हर्ट्झ यांना १८८७ मध्येच दिसले होते. म्हणूनच गोलकांच्या गॅपने (दोन धातूच्या गोलांमध्ये ठिणगी पाडून) ५० किलोव्होल्टपेक्षा कमी शिखरव्होल्टेज मोजताना गॅपवर मुद्दाम किरण पाडतात. तसे केले नाही, तर वाचने विखुरतात. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू मुक्त इलेक्ट्रॉन पटकन पकडतो, त्यामुळे त्यात पहिल्या इलेक्ट्रॉनची वाट अधिकच पाहावी लागते.

चाचणीशाळेत आकाशातल्या विजेमुळे येणाऱ्या लाटेची नक्कल म्हणून १.२/५० मायक्रोसेकंदांचा इम्पल्स (सुमारे १.२ मायक्रोसेकंदांत शिखरावर जाणारा आणि ५० पर्यंत निम्म्यावर येणारा व्होल्टेजचा झटका) देतात. निम्म्या वेळा ब्रेकडाउन घडवणाऱ्या व्होल्टेजला यू-५० म्हणतात. हवेत अशा इम्पल्ससाठी प्रमाण विचलन साधारण ३ टक्के, तर स्विचिंग इम्पल्ससाठी (मंडल उघडता-मिटताना उठणाऱ्या, अधिक सावकाश लाटेच्या नकलेसाठी) ६ टक्के धरतात. ब्रेकडाउननंतर आपोआप सावरणाऱ्या निरोधनाला १५ इम्पल्स देऊन २ पर्यंत ब्रेकडाउन मान्य करण्याची एक प्रचलित पद्धत आहे. तिचे गणित करून पाहण्यासारखे आहे. दर इम्पल्सला ब्रेकडाउनची संभाव्यता १० टक्के असलेले उपकरण सुमारे ८२ टक्के वेळा उत्तीर्ण होते. पण २० टक्के संभाव्यतेचे उपकरणही सुमारे ४० टक्के वेळा उत्तीर्ण होते. एका चाचणीत पास झाले म्हणजे उपकरण सुरक्षित, असा अर्थ काढता येत नाही.

आकार वाढला की धोका वाढतो. एका गॅपच्या ब्रेकडाउनची संभाव्यता २ टक्के असेल आणि असे ५० स्वतंत्र गॅप समांतर असतील, तर त्यातला एखादा तरी फुटण्याची संभाव्यता सुमारे ६४ टक्के होते. सर्वांत कमकुवत जागाच निकाल ठरवत असल्यामुळे येथे वायबुल वितरण (सर्वांत कमकुवत दुव्याच्या अपयशाचे वर्णन करणारे संभाव्यतेचे सूत्र) सोयीचे पडते. छोट्या नमुन्यावरचा आकडा मोठ्या उपकरणाला थेट लावणे ही गंभीर चूक आहे.

निर्वातात कारणे वेगळी असतात. दाब १०⁻³ पास्कलच्या आसपास असेल, तर वायूच्या रेणूला न धडकता इलेक्ट्रॉन कित्येक मीटर जाऊ शकतो, म्हणून सेंटिमीटरभर गॅपमध्ये टकरींतून वाढ होणे शक्य नसते. येथे कॅथोडवरची सूक्ष्म टोके, सैल कण आणि शोषलेले वायू निर्णायक ठरतात. टोकांजवळ विद्युतक्षेत्र सरासरीच्या शेकडो पट होऊ शकते आणि तेथून इलेक्ट्रॉन बाहेर ओढले जातात. प्रत्येक ठिणगी पृष्ठभाग बदलते. काही टोके वितळून जातात, म्हणून नव्या इलेक्ट्रोडांचे ब्रेकडाउन व्होल्टेज सुरुवातीच्या ठिणग्यांबरोबर वाढत जाते. जोराच्या ठिणगीने नवे खड्डे पडले, तर ते खालीही येते. मोजमापे अशी एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे, व्होल्टेज स्थिरावण्याआधीचे आकडे एकाच वितरणात मिसळू नयेत.

कणत्वरकांमध्ये (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांमध्ये) तांब्याच्या पोकळ्यांसाठी ब्रेकडाउनचा दर विद्युतक्षेत्राच्या सुमारे तिसाव्या घाताने वाढतो असे दिसले आहे; क्षेत्र ५ टक्क्यांनी उतरवले, की दर जवळपास पाचवा हिस्सा होतो. व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमध्ये (निर्वातात प्रवाह तोडणाऱ्या स्विचमध्ये) तर प्रवाह यशस्वीपणे तोडल्यानंतर शेकडो मिलिसेकंदांनीही उशिराचे ब्रेकडाउन होऊ शकते. एखादा कण सुटा होऊन गॅप ओलांडतो, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.