गुडघेदुखी, अफू आणि झोपेची गोळी : बेळगाव भागातली पार्श्वभूमी

आपल्या भागात सांधेदुखी म्हणजे कामाचाच एक भाग धरतात. येळ्ळूर-कंग्राळीकडं रोपलावणीला दिवसभर चिखलात वाकायचं, वडगाव-शहापुरात माग चालवायचा, निपाणीत मांडी घालून विड्या वळायच्या, आणि पन्नाशी आली की गुडघे कुरकुरायला लागतात. मग दवाखान्यात जाऊन "गुडघं लई दुखुलालेत डॉक्टर, जरा पावरची द्या की". आता ही पावरची म्हणून जे पोटात जातं त्यात बऱ्याचदा अफूच्या जातीचं काहीतरी असतं आणि जोडीला झोपेची गोळी. ही जोडी काय काल-परवा आलेली नाही.

वातावर अफू देणं आपल्याकडं जुनंच. शार्ङ्गधर संहितेत अफूचा उल्लेख आहे, आणि समीरगजकेसरी रस म्हणून वातावरचं जे औषध आहे त्यात अफू, काजरा (म्हणजे कुचला) आणि मिरी असते. ब्रिटिशांच्या काळात 1878 च्या अफू कायद्याखाली लायसनच्या दुकानात अफू विकत मिळायची, आणि 1893 ला नेमलेल्या अफू आयोगापुढं म्हातारपणी हातपाय दुखतात म्हणून लोक थोडी थोडी खातात असं सांगणारे कितीतरी साक्षीदार होते.

खरा फरक पडला 1985 ला, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला तेव्हा. कायदा नशेच्या धंद्यावर होता पण कात्रीत सापडलं मॉर्फिन, अफूपासनं काढलेलं, जबर दुखण्यावरचं औषध. इतके परवाने, इतक्या सह्या, शिक्षेची इतकी भीती की हॉस्पिटलांनी ते ठेवायचंच बंद केलं, 1985 ते 1997 मध्ये देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जवळपास 97 टक्क्यांनी घसरला. कॅन्सरचा पेशंट तळमळत राहिला. 2014 ला कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसकट सहा औषधं अत्यावश्यक ठरवली, तोवर एक पिढी गेली.

पण दुखणं काय कायदा बघून थांबत नाही. मॉर्फिनला कुलूप लागलं आणि दुसरी दारं उघडीच राहिली. अफूच्याच जातीची दुखण्यावरची औषधं, म्हणजे पेंटाझोसिनची इंजेक्शनं होती, डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनच्या कॅप्सूल होत्या, या कॅप्सूल अमेरिकेत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो म्हणून 2010 ला काढून घेतल्या, आपल्याकडं 2013 ला बंदी आली. त्यांच्या जागी आली ट्रॅमाडॉल, तीही अफूच्याच जातीची. ही जर्मनीत 1977 ला बाजारात आलेली, कमी व्यसनाची म्हणून नाव झालेली, स्वस्त, आणि आपल्याकडं 2018 पर्यंत एनडीपीएसच्या बाहेर. म्हणजे कॅन्सरवाल्याला मॉर्फिन मिळेना आणि गुडघेवाल्याला ट्रॅमाडॉल सहज, असा उलटा कारभार.

झोपेच्या गोळीची वाट वेगळी. डायझेपाम 1963 ला आली, रॅनबॅक्सीनं 1969 ला ती कामपोज नावानं आणली आणि ते नाव घराघरात गेलं. पुढं अल्प्राझोलाम आली. दुखण्यानं झोप नाही म्हणून पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी पाच-पाच वर्षं चालते, हे कुणाच्याही घरात बघायला मिळेल.

त्यात 2006 ला चिकुनगुन्या आला. देशात तेरा लाखांच्या वर संशयित रुग्ण आणि सगळ्यात जास्त आपल्या कर्नाटकात. ताप आठवड्यात गेला पण सांधे महिनोन्महिने धरून राहिले. लोक हातात मिळेल ती गोळी घेत सुटले, स्टेरॉइडसुद्धा, आणि माझ्या मते पुडीची सवय आपल्याकडं घट्ट झाली ती तेव्हाच. पुडी म्हणजे पांढरं पाकीट, वर पेनानं 1-0-1, आत कात्रीनं कापलेल्या चार जातीच्या गोळ्या, आणि नाव नेमकं कापून गेलेल्या तुकड्यावर. दुसऱ्या डॉक्टरनं विचारलं तर सांगणार काय, "एक पांढरी, एक गुलाबी".

1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 म्हणजे जास्त कडक नजर ठेवायच्या औषधांची यादी लागू झाली, 46 औषधं, त्यात ट्रॅमाडॉल, डायझेपाम, अल्प्राझोलाम सगळी. मेडिकलवाल्यानं वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं, पेशंटचं नाव लिहायचं आणि ते तीन वर्षं ठेवायचं. चांगलंय, पण रजिस्टर त्या एका दुकानाचं. 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तरी पेशंट काय सीमा बघून फिरत नाही. अथणी-चिकोडीचा माणूस हाडाच्या डॉक्टरसाठी मिरजेला जातो, शुगरसाठी बेळगावात, झोपेची गोळी गावातनंच. तिकडची ट्रॅमाडॉल आणि इकडची अल्प्राझोलाम एकाच पोटात जाते आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र कुणीच बघत नाही.

धोका नेमका त्या एकत्र येण्यात आहे. दोन्ही मेंदूला सुस्त करतात, श्वास मंदावतो, आणि म्हातारं माणूस रात्री लघवीला उठलं की तोल जाऊन पडतं, खुब्याचं हाड मोडतं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, 2016 ला या जोडीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. 2018 ला तिकडचाच एक अभ्यास आला, जुनी कंबरदुखी आणि गुडघा-खुब्याची झीज असलेले 240 पेशंट, वर्षभर अर्ध्यांना अफूच्या जातीची औषधं, अर्ध्यांना अफूशी संबंध नसलेली साधी. रोजच्या हालचालीत काहीच फरक नाही, दुखणं उलट साध्या औषधवाल्यांचं थोडं कमी. एवढी जोखीम घेऊन मिळवलं काय मग? (घरात कुणी रोज घेत असेल तर हे वाचून एकदम बंद मात्र करू नका, झोपेची गोळी अचानक सोडली तर झटके येऊ शकतात, डॉक्टरला सांगून हळूहळू कमी करायची असते.)

2018 ला ट्रॅमाडॉल एनडीपीएसमध्ये गेली तोवर त्याच घराण्यातली टॅपेंटाडॉल बाजारात होतीच. फेब्रुवारी 2025 ला केंद्रानं टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्यांची निर्यात थांबवली, पश्चिम आफ्रिकेत त्या नशेसाठी चालल्या होत्या म्हणून. कॅरिसोप्रोडॉल म्हणजे स्नायू सैल करणारी आणि गुंगी आणणारी, म्हणजे परत तीच जोडी, फक्त आता एकाच गोळीत.