पार्श्वभूमी: धेंपोचा दबदबा का टिकला नाही

2004-05 ते 2012-13 या नऊ हंगामांत देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग आठ वेळा गोव्याने जिंकली. एकदाच ती निसटली, आणि तीही कोलकात्याकडे नाही, तर मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे. आठांपैकी पाच विजेतेपदं एकट्या धेंपो स्पोर्ट्‌स क्लबची. पाचवं विजेतेपद मिळालं 2012 मध्ये. 2015 मध्ये हाच संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि 2016 मध्ये त्याने राष्ट्रीय लीगच सोडली.

एखादा बलाढ्य क्लब यश किती काळ टिकवू शकतो, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मँचेस्टर युनायटेड किंवा बायर्न म्युनिकच्या संदर्भात चर्चिला जातो. पणजीच्या या क्लबची गोष्ट त्याहून जवळची आहे, आणि माझ्या मते अधिक शिकण्यासारखीही. कारण मैदानावर वरचढ प्रतिस्पर्धी भेटला म्हणून धेंपो संपला, असं काही झालं नाही.

गोव्यातलं संघटित फुटबॉल खाणमालकांच्या आश्रयाने मोठं झालं. वास्कोचा साळगावकर क्लब 1956 चा, धेंपो 1968 चा. मुळात खेळ होताच. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून तो गावोगाव रुजला होता आणि सासष्टी-बार्देसमध्ये गावागावांत मैदान आणि संघ होते. खाणीच्या पैशाने त्यातल्या चांगल्या पोरांना पगार दिला, बूट दिले आणि मुंबई-कोलकात्याच्या स्पर्धांना पाठवलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस धेंपोने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा गोव्याबाहेरच्यांना पहिल्यांदा नीट कळलं की इथे काहीतरी घडतंय. पुढच्या दशकात गोव्याने राज्यांच्या संघांमधला संतोष करंडक जिंकला आणि साळगावकरने फेडरेशन चषक. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव तेव्हापासून घरोघरी झालं.

तरीही 1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा पारडं कोलकात्याकडेच झुकलेलं होतं. पहिल्या आठ हंगामांपैकी सहा मोहन बागान आणि ईस्ट बंगालने वाटून घेतले. मधे 1998-99 मध्ये साळगावकरने एकदा बाजी मारली, एवढंच.

धेंपोचा काळ सुरू झाला तो एका दुःखद प्रसंगाला लागून. डिसेंबर 2004 मध्ये बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध धेंपोच्या ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियरने दोन गोल केले आणि दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो मैदानावरच कोसळला. त्यातून तो वाचला नाही. धेंपोने चषक जिंकला आणि त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. त्याच हंगामात संघाने आपली पहिली राष्ट्रीय लीगही जिंकली, स्पोर्टिंग क्लब द गोवाला मागे टाकून. पहिले दोन्ही गोव्याचे.

त्यानंतर 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12. अधल्यामधल्या वर्षी लीग चर्चिल ब्रदर्सने किंवा साळगावकरने नेली. 2008 मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत धेंपो पोहोचला. तिथे लेबननच्या साफा क्लबने वाट अडवली.

या यशामागे फार गूढ काही नव्हतं. आर्मांदो कुलासो हे प्रशिक्षक वर्षानुवर्षं तेच राहिले. कोलकात्यात दोन सामने हरले की प्रशिक्षकाची गच्छंती ठरलेली, त्या तुलनेत ही मोठीच चैन होती. संघाचा कणाही गोव्याचाच: महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. एकमेकांचा खेळ पाठ झालेली ही माणसं. त्यांच्या पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याने 2011-12 च्या लीगमध्ये 32 गोल केले, आणि त्याला चेंडू पुरवणारा ब्राझीलचा बेटो. संघाचा साचा ठरलेला. बदलायचे ते एखाद-दोन खेळाडू.

मग उतार कुठून लागला? गोव्यात याचं ठरीव उत्तर खाणबंदी हे आहे. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीवर शिक्कामोर्तब केलं, आणि पैसा आटला म्हणून फुटबॉल आटलं, असं सांगितलं जातं. साळगावकरच्या बाबतीत यात तथ्य असेल. धेंपोच्या बाबतीत मात्र तारखा जुळत नाहीत. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय 2009 मध्येच सेसा गोवाला सुमारे 1,750 कोटी रुपयांना विकला होता. त्यानंतरही संघाने दोनदा लीग जिंकली. खाण नव्हती, तरी क्लब चालत होता. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं.

एक कारण संघातच होतं. 2012 मध्ये रँटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला, 2013 मध्ये कुलासो ईस्ट बंगालला गेले. कणा मानलेले खेळाडू तिशी ओलांडत होते. सगळा डोलारा एका प्रशिक्षकावर आणि एका पिढीवर उभा होता. दोघांचाही काळ एकदमच सरला. ओल्ड गोव्यात एला इथे क्लबचं तरुणांसाठीचं प्रशिक्षण केंद्र होतं, पण तिथून आलेली पोरं पहिल्या संघात स्थिरावण्याआधीच पायाखालची जमीन सरकली होती.

ती सरकवली दिल्लीत झालेल्या एका कराराने. डिसेंबर 2010 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सला पंधरा वर्षांसाठी व्यावसायिक हक्क दिले, सुमारे 700 कोटींना. त्यातून 2014 मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. तिच्यात शहरांच्या नावाच्या नव्या फ्रँचायझी होत्या, जुने क्लब नव्हते. आणि गोव्याच्या फ्रँचायझीचे, एफसी गोवाचे, सुरुवातीचे मालक कोण? व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत, दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो. जुन्या क्लबांच्या मागे असलेल्या दोन घराण्यांचंच लक्ष आणि भांडवल आता दोन ठिकाणी विभागलं गेलं. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जिथे प्रेक्षक, प्रक्षेपण आणि प्रायोजक जाणार हे दिसत होतं, तिथे ते गेले.

2014-15 च्या आय-लीगमध्ये (राष्ट्रीय लीगचं नवं नाव) धेंपोची पदावनती झाली. यातला पुण्याशी जोडलेला तपशील गोव्यात अजून काहींना झोंबतो: कल्याणी समूहाचा नवा भारत एफसी गुणतक्त्यात धेंपोच्याही खाली होता, पण थेट प्रवेश मिळालेला संघ म्हणून त्याला पदावनतीतून सूट होती. भारत एफसी त्या एका हंगामानंतर बंदच झाला. धेंपोने मात्र पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून परतीचं तिकीट मिळवलं, आणि ते वापरलंच नाही. सुपर लीगला पहिलं स्थान देऊन आय-लीगला तिच्याखाली ढकलण्याचा महासंघाचा आराखडा 2016 मध्ये पुढे आला. वर जाण्याची वाटच नसेल तर खेळायचं कशाला, असं म्हणत धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीग सोडली.

हे फक्त गोव्यात घडलं असंही नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला आणि पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी 2011 मध्ये. 2012-13 चा उपविजेता पुणे एफसीही पुढे टिकला नाही. चर्चिल ब्रदर्सने त्या वर्षी लीग जिंकली, आणि पुढच्याच हंगामात फेडरेशन चषक जिंकूनही त्यानंतर लीगबाहेर गेला. मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या क्लबाला तिकीटविक्रीचं, प्रक्षेपणाचं स्वतःचं उत्पन्न नसतं. मोहन बागान, ईस्ट बंगालमागे सदस्यांचा आणि चाहत्यांचा जमाव होता, म्हणून ते अनेक वर्षं लीगच्या विजेतेपदाविना काढूनही उभे राहिले आणि शेवटी 2020 मध्ये सुपर लीगमध्ये आले. धेंपोचा सामना बघायला मडगावच्या फातोर्डा मैदानावर एवढी गर्दी कधीच नव्हती, विजेतेपदाच्या वर्षांतही नव्हती. गोव्याचा माणूस आधी गावच्या संघाचा असतो, मग बाकी कुणाचा.

एफसी गोवाने मात्र गर्दी जमवली. 2019-20 मध्ये साखळी फेरीत अव्वल राहून तो 2021 च्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पण तोवर प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि पाठोपाठ मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू हे मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपच्या, मुंबई सिटीकडे गेले. धेंपोतून घडलेला मंदार राव देसाईही त्यांच्यासोबत होता. मुंबईने 2020-21 मध्ये साखळी फेरीचा आणि अंतिम विजेतेपदाचा असे दोन्ही करंडक जिंकले, तेही गोव्यात, कारण कोविडमुळे तो सबंध हंगाम इथेच खेळवला गेला होता.

वरची वाट अखेर 2023 मध्ये उघडली. आय-लीग विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती मिळू लागली. धेंपो 2024-25 च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला, प्रशिक्षक जुनाच बचावपटू समीर नाईक. त्याच हंगामाच्या शेवटी महासंघाने चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित केलं होतं, पण जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशीला दिलं.