रनिंग गेम आणि क्वार्टरबॅकवरचा भार

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन, पळत पुढे नेण्याच्या सगळ्या चालींना मिळून रनिंग गेम म्हणतात. संघाची ही बाजू भक्कम असली की क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूला, अवघड पास कमी टाकावे लागतात, आणि जे टाकावे लागतात ते मोकळ्या जागेत, थोड्या उसंतीने टाकता येतात. धावून मिळवलेले यार्ड आकडेवारीत दिसतात. समोरच्या बचावाला आपली माणसे कुठे उभी करणे भाग पडते, हे मात्र आकडेवारीत सहसा दिसत नाही आणि क्वार्टरबॅकला खरी मदत तिथूनच होते.

क्वार्टरबॅकची कामे

एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये ऐकू येतो, पण चाल सुरू करण्याची मुदत मोजणाऱ्या प्ले-क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यापुढे सगळे निर्णय क्वार्टरबॅकचे. समोर किती माणसे जवळ उभी आहेत ते मोजायचे, मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) कोण ते लाइनमनना (पुढे उभे राहून बचावाला अडवणाऱ्या आपल्या खेळाडूंना) ओरडून सांगायचे, सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) एक आहेत की दोन हे पाहायचे. चेंडू हातात आल्यावर तीन, पाच किंवा सात पावले मागे सरकत पहिला रिसीव्हर (पास झेलणारा), मग दुसरा, मग तिसरा असे क्रमाने तपासायचे, आणि हे सगळे साधारण अडीच ते तीन सेकंदांत उरकायचे. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोचे बचावपटू त्याच्यापर्यंत पोचलेले असतात.

हँडऑफमध्ये, म्हणजे चेंडू हातोहात देताना, यातले बरेच काही गळून पडते. चेंडू रनिंग बॅकच्या (तो घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या) पोटाशी नीट ठेवायचा, एवढेच शारीरिक काम उरते. तेही गाफीलपणे केले तर अंगाशी येते. रनिंग बॅकने क्वार्टरबॅकच्या बाजूची कोपर वर उचललेली नसेल तर चेंडू त्या हातावर आपटतो आणि फंबल होतो, म्हणजे हातातून निसटतो.

डाउन आणि अंतर

चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड (३० फूट) काटायचे असतात. बहुतेक वेळा चौथ्या डाउनला चेंडू लाथाडून सोडून दिला जात असल्याने प्रत्यक्षात तीनच डाउन हाताशी असतात. पहिल्या डाउनला ५ यार्ड मिळाले तर दुसऱ्याला ५ उरतात आणि तिथे धाव व पास दोन्ही शक्य असतात, त्यामुळे बचावाला अंदाज बांधता येत नाही. पहिल्या दोन प्रयत्नांत काहीच हाती लागले नाही तर तिसऱ्या डाउनला १० यार्ड उरतात आणि पास येणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळते. बचाव लाइनबॅकर काढून त्याऐवजी पास रोखणारा पाचवा-सहावा बचावपटू मागे आणतो आणि पुढचे चौघे धावेची फिकीर न करता थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडतात.

एनएफएलमध्ये तिसऱ्या डाउनला यश मिळण्याचे एकूण प्रमाण ४०% च्या आसपास असते. एकच यार्ड हवा असेल तर तीनपैकी दोन वेळा तो मिळतो. दहाच्या आसपास हवे असतील तर चारांत एकदाही मिळण्याची खात्री नसते. म्हणून तिसऱ्या डाउनच्या लांबचलांब अंतरापासून क्वार्टरबॅकला वाचवणे हे रनिंग गेमचे पहिले काम आहे.

त्यासाठी सरासरीपेक्षा सातत्य महत्त्वाचे ठरते. एका संघाने चार धावांत १, ०, २ आणि १७ यार्ड मिळवले, दुसऱ्याने ४, ५, ३ आणि ५. पहिल्याची सरासरी ५, दुसऱ्याची सव्वाचार. पण पहिल्या संघाच्या क्वार्टरबॅकला तीन वेळा अडचणीच्या जागी उभे राहावे लागले. हा फरक पकडण्यासाठी ‘यशस्वी धाव’ हे मोजमाप वापरतात. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या अंतराच्या ४०%, दुसऱ्याला ६०% आणि तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण अंतर मिळाले तर धाव यशस्वी, असा त्याचा एक प्रचलित निकष आहे. क्वार्टरबॅकला किती आधार मिळतोय हे जाणून घ्यायचे असेल तर एकूण यार्डांपेक्षा हा आकडा आधी पाहावा.

बॉक्समधली मोजणी

लाइनमनच्या रुंदीएवढ्या आणि स्क्रिमेज रेषेपासून (जिथून चाल सुरू होते ती रेषा) काही यार्ड खोल अशा काल्पनिक चौकोनाला बॉक्स म्हणतात. पाच लाइनमन आणि त्यांच्या टोकाला एक टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) असे सहा जण ओळीत उभे राहिले की त्यांच्या मधल्या आणि दोन्ही टोकांच्या मिळून सात फटी तयार होतात. त्यांना गॅप म्हणतात. रनिंग बॅक यातल्या कोणत्याही गॅपमधून निसटू शकतो, म्हणून बचावाला सात गॅपसाठी सात माणसे हवी असतात.

आक्रमणाकडेही अकराच माणसे असतात, पण चेंडू घेऊन पळणारा कोणाला अडवत नाही आणि हँडऑफ दिलेला क्वार्टरबॅकही नाही. म्हणजे अडवायला उरले नऊ, समोर अकरा. हा दोनचा तोटा रनिंग गेमच्या मुळाशीच आहे. बचावाचे दोन सेफ्टी खोल उभे असतील तर तो तोटा भरून निघतो, कारण ते दोघे धाव रोखायला वेळेवर पोचत नाहीत.

बचाव दोन सेफ्टी मागे ठेवून बॉक्समध्ये सहा माणसे ठेवतो तेव्हा सहा जणांना अडवायला सहा जण मिळतात. तरबेज लाइन अशा वेळी दर धावेला चार-पाच यार्ड काढते. हे चार-पाच वेळा घडले की बचावाच्या प्रशिक्षकाला एक सेफ्टी खाली आणावाच लागतो. आता मागे एकटा सेफ्टी उरतो आणि त्याला ५३ यार्डांहून जास्त रुंदीचे मैदान राखायचे असते. कडेच्या रिसीव्हरसमोर एकेकटा कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) येतो. क्वार्टरबॅकला हे चेंडू हातात येण्याआधीच दिसते. एरवी पळापळीत शोधावे लागणारे उत्तर त्याला उभ्या जागी मिळते.

म्हणून बरेच संघ हडलमध्ये (चालीआधीच्या घोळक्यात) एकाऐवजी दोन चाली सांगतात, एक धाव आणि एक पास. क्वार्टरबॅक रेषेवर येऊन बॉक्स मोजतो. सहा किंवा कमी असतील तर धाव तशीच ठेवतो, आठ असतील तर ठरलेला शब्द ओरडून पासवर जातो. सात असतील तर कोणत्या बाजूला माणूस जास्त आहे ते पाहून निर्णय घ्यावा लागतो. ही मोजणी चुकते ती बहुधा अशी: बचाव सेफ्टीला दहा-बारा यार्डांवर रेंगाळत ठेवतो आणि स्नॅपच्या क्षणी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होताच, पुढे धाडतो. क्वार्टरबॅकने सात मोजलेले असतात, पण प्रत्यक्षात आठवा येऊन धडकतो.

प्ले-ॲक्शन

हँडऑफचा बहाणा करून टाकलेल्या पासला प्ले-ॲक्शन म्हणतात. लाइनबॅकर रेषेपासून साधारण चार-पाच यार्डांवर उभा असतो. लाइनमनची पहिली पावले धावेसारखी पडली की तो दोन पावले पुढे येतो. तेवढ्याने त्याच्या पाठीमागे १२ ते १८ यार्डांच्या पट्ट्यात जागा उघडते आणि आडवा कापत येणारा रिसीव्हर तिथे मोकळा सापडतो.

बहाणा वठण्यासाठी सगळ्यांचे काम जुळावे लागते. क्वार्टरबॅक स्नॅप घेऊन कंबर वळवतो, हात रनिंग बॅकच्या पोटाकडे नेतो आणि नजरही तिकडेच ठेवतो. चेंडू मात्र मागच्या नितंबाआड लपवतो. रनिंग बॅक रिकाम्या हातांवर वाकून पूर्ण वेगाने गॅपमध्ये शिरतो. लाइनमन पहिले पाऊल नेमके धावेच्या चालीचेच टाकतात आणि खाली वाकलेलेच राहतात. सात ते नऊ यार्ड मागे पोचल्यावर क्वार्टरबॅक मान वळवून आधी सेफ्टीला शोधतो आणि मग पास टाकतो.

बिघाड बहुधा लाइनमनपासून सुरू होतो. एकाने जरी पासचे ब्लॉकिंग करायला अंग सरळ केले, तरी लाइनबॅकरला वर आलेले हेल्मेट दिसते आणि तो मागे सरकतो. दुसरा धोका क्वार्टरबॅकच्या पाठीचा. बहाणा करताना त्याची पाठ बचावाकडे असते. त्या क्षणी आलेला ब्लिट्झ (नेहमीपेक्षा जास्त बचावपटूंचा हल्ला) त्याला दिसत नाही आणि सेफ्टींनी जागा बदलल्या असतील तर तेही वळल्यावरच कळते. तिसरा धोका वेळेचा: तिसऱ्या डाउनला १२ यार्ड हवे असताना धावेच्या बहाण्याला कोणी भुलत नाही.

आधी धावून दाखवल्याशिवाय प्ले-ॲक्शन चालत नाही, असे प्रशिक्षक पिढ्यानपिढ्या सांगत आले. गेल्या दशकात एनएफएलच्या आकडेवारीवर झालेल्या विश्लेषणांतून याला दुजोरा मिळालेला नाही. त्या सामन्यात संघ किती वेळा आणि किती चांगला धावला, याचा प्ले-ॲक्शनच्या यशाशी फारसा संबंध आढळला नाही. याचे कारण लाइनबॅकरच्या सरावात सापडते. लाइनमनच्या पावलांवर हलायचे त्याला वर्षानुवर्षे शिकवलेले असते, त्यामुळे धावून तीनच यार्ड मिळाले असले तरी त्याचे पाय पुढे पडतातच. भक्कम रनिंग गेमचा फायदा सांगताना म्हणूनच बॉक्स आणि डाउनच्या हिशेबावर भर द्यावा, प्ले-ॲक्शनवर नव्हे.

पास-रश आणि घड्याळ

धाव येऊ शकते असे वाटत असेल तर टोकाचा बचावपटू आधी आपली कड राखतो आणि मगच क्वार्टरबॅकवर चालून जातो (यालाच पास-रश म्हणतात). एवढ्या उशिरानेही पास टाकायला पुरेसा वेळ मिळतो. शिवाय मैदानाच्या आत संपलेली धाव घड्याळ चालू ठेवते, कोणी न झेललेला पास ते थांबवतो. दहा चालींची धावप्रधान मालिका सहज पाच-सहा मिनिटे खाते. तेवढा वेळ आपला बचाव विश्रांती घेतो आणि क्वार्टरबॅकवर गुणांचा पाठलाग करण्याची पाळी कमी येते.

मैदानावरचे दाखले

मायामी डॉल्फिन्सचा १९७२ चा हंगाम या बाबतीत सर्वांत बोलका. क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी पाचव्या सामन्यात पाय मोडून बाहेर गेला आणि ३८ वर्षांच्या अर्ल मोरॉलने जागा घेतली. लॅरी झोंकाने १,११७ आणि मर्क्युरी मॉरिसने १,००० यार्ड धावून काढले. एकाच संघाच्या दोघांनी हजाराचा टप्पा गाठण्याची ही लीगमधली पहिलीच वेळ. संघ १७ पैकी १७ सामने जिंकला. पुढच्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, जानेवारी १९७४ मध्ये, परतलेल्या ग्रीसीने संपूर्ण सामन्यात फक्त ७ पास टाकले. झोंका ३३ वेळा चेंडू घेऊन १४५ यार्ड धावला आणि मायामीने मिनेसोटाला २४-७ असे हरवले.

डेन्व्हर ब्राँकोजचा जॉन एल्वे आपल्या बाहूच्या ताकदीवर संघाला १९८६, १९८७ आणि १९८९ च्या हंगामांत सुपर बोलपर्यंत घेऊन गेला आणि तिन्ही वेळा हरला. १९९५ मध्ये माइक शॅनहान मुख्य प्रशिक्षक झाला, ॲलेक्स गिब्जने लाइनला झोन ब्लॉकिंग (ठरावीक माणसाऐवजी आपापल्या जागेत येणाऱ्याला अडवणे) शिकवले आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत सहाव्या फेरीत घेतलेला टेरेल डेव्हिस त्यामागे पळू लागला. जानेवारी १९९८ च्या सुपर बोलमध्ये ३७ वर्षांच्या एल्वेने १२३ यार्डांचेच पास पूर्ण केले, त्यात एकही टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवणे) पास नव्हता. डेव्हिसने १५७ यार्ड आणि ३ टचडाउन केले. ग्रीन बे पॅकर्स ३१-२४ ने हरले. त्या सामन्यात अर्धशिशीमुळे डेव्हिसला दिसेनासे झाले होते. तरीही दुसऱ्या क्वार्टरच्या पहिल्या चालीसाठी शॅनहानने त्याला केवळ बहाण्यापुरते मैदानात ठेवले. बचाव डेव्हिसकडे झेपावला आणि एल्वे चेंडू घेऊन सहज गोलरेषेपार गेला.

६ डिसेंबर २०२१ रोजी बफेलोत सोसाट्याचा वारा होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या नवख्या मॅक जोन्सने साऱ्या सामन्यात ३ पास टाकले. संघ ४६ वेळा धावला आणि १४-१० ने जिंकला.

फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलचा दाखला वेगळा आहे. फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीने त्या हंगामात २,००५ यार्ड काढले होते. कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला २५ धावांत ५७ यार्डांवर रोखले; पण त्याच्याकडे लक्ष गुंतलेल्या बचावासमोर जेलन हर्ट्सने २२ पैकी १७ पास पूर्ण केले आणि ईगल्स ४०-२२ ने जिंकले. धावेला भरीव यश न येताही क्वार्टरबॅकचे काम सोपे होऊ शकते ते असे.

मर्यादा

पिछाडीवर पडल्यावर हा आधार निसटतो. टेनेसी टायटन्सने २०१९ च्या हंगामातील प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) दोन सामने रायन टॅनेहिलच्या अनुक्रमे ७२ आणि ८८ पासिंग यार्डांवर जिंकले, कारण डेरिक हेन्रीने त्यांत १८२ आणि १९५ यार्ड धावून काढले. पुढच्या सामन्यात चीफ्सविरुद्ध टायटन्स १७-७ ने पुढे होते. चीफ्सनी आघाडी घेतल्यावर घड्याळ शत्रू झाले, हेन्री ६९ यार्डांवर थांबला आणि सामना ३५-२४ ने गेला.

प्रत्येक पहिल्या डाउनला ठरल्याप्रमाणे धाव घेणे ही दुसरी चूक. बचाव आठ माणसे आधीच आणतो, दोन यार्ड मिळतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या डाउनचे ओझे पुन्हा क्वार्टरबॅकवर येते. होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याचा) १० यार्डांचा एक दंडही सगळा हिशेब मोडतो.

क्वार्टरबॅकलाच धावायला लावले तर मोजणीतला एक माणूस परत मिळतो. झोन-रीडमध्ये टोकाच्या बचावपटूला कोणी अडवत नाही. तो आत वळला तर क्वार्टरबॅक चेंडू ठेवून बाहेरून पळतो, बाहेर थांबला तर हँडऑफ देतो. वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिनने २०१२ मध्ये, पहिल्याच हंगामात, असे ८१५ यार्ड काढले आणि त्याच्यासोबत आल्फ्रेड मॉरिसने १,६१३. मात्र यात क्वार्टरबॅकच्या अंगावर बसणारे तडाखे वाढतात. डिसेंबरमध्ये ग्रिफिनचा गुडघा दुखावला आणि जानेवारी २०१३ च्या प्लेऑफ सामन्यात त्याच गुडघ्याचे लिगामेंट फाटले.