पुनर्विकासात सामायिक चिलर प्लँट बदलायचा आहे? नवी मुंबईतली परवानग्यांची वाट आणि लागणारे कागद

पुनर्विकासाची चर्चा आता वाशी-नेरूळच्या घरांच्या सोसायट्यांपुरती राहिलेली नाही. जुनी व्यापारी संकुलंही त्या रांगेत येऊ लागली आहेत. काही संकुलांत दोन-तीन इमारतींना मिळून एकच चिलर प्लँट, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करून पुरवणारी यंत्रणा असते. तळघरात यंत्रं, गच्चीवर उष्णता हवेत सोडणारा कूलिंग टॉवर आणि मजल्यामजल्यावर थंड पाण्याचे पाइप. असा प्लँट नव्याने बसवायचा तर त्यासाठीचा एकच एक परवाना कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. वीज वितरणाला विद्युत अधिनियम, २००३ खाली परवाना लागतो. थंड पाणी पुरवण्यासाठी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. परवानगी लागते ती प्लँटच्या जागेला, विजेला, पाण्याला आणि उंचीला, आणि ती वेगवेगळ्या कार्यालयांतून आणावी लागते.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. प्लँटची क्षमता (टीआर म्हणजे ‘टन रेफ्रिजरेशन’ या एककात), विजेची मागणी, चालू स्थितीतलं वजन, टॉवरच्या माथ्याची उंची आणि रोजचं पाणी हे पाच आकडे इमारतीचा नकाशा दाखल होण्याआधी ठरवून घ्या. ‘एसीचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या विकासकाला तिथेच थांबवा. नकाशा मंजूर झाल्यावर टॉवरची जागा हलवायची म्हटली की सुधारित नकाशा, अग्निशमन दल, विमानतळ प्राधिकरण असा सगळा फेरा पुन्हा सुरू होतो.

अर्ज कोण करू शकतो

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने दिलेली जमीन भाडेपट्ट्याची असते. त्यामुळे पुनर्विकासाचा अर्ज नोंदणीकृत संस्थेच्या नावाने जातो, आणि भाडेपट्टा संस्थेच्या नावावर झालेला नसेल तर आधी तो करून घ्यावा लागतो. सिडकोच्या ना-हरकत दाखल्यासाठी भाडेपट्टा करार, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, थकबाकी नसल्याचा दाखला आणि वास्तुविशारदाचं नेमणूकपत्र हा संच तयार ठेवा. ठाण्यात बहुतेक ठिकाणी सिडकोचा प्रश्न येत नाही. तिथे अडतं ते अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावावर होणं. बिल्डरने ते केलं नसेल तर मोफा (सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली मानीव (बिल्डरशिवाय होणाऱ्या) अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करावा लागतो. भूखंड ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक क्षेत्रात असेल तर नकाशे महापालिकेकडे न जाता एमआयडीसीकडे जातात.

जमीन संस्थेची असली तरी प्लँट तिचाच असेल असं नाही. मूळ बिल्डरच्या देखभाल कंपनीच्या नावावर यंत्रं खरेदी झालेली असतात, किंवा त्यांवर बँकेचा बोजा असतो. खरेदीची बिलं, संस्थेच्या ताळेबंदातली नोंद आणि बोजा नसल्याचं पत्र या तीन कागदांशिवाय जुना प्लँट भंगारात काढण्याचा ठराव करू नका.

ठरावात काय लिहायचं

गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. एक पंचमांश सदस्यांची लेखी मागणी, विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी आणि सभेचं चित्रीकरण, असा त्याचा सांगाडा आहे. हा निर्णय गृहनिर्माण संस्थांना उद्देशून आहे. गाळेधारकांच्या प्रिमायसेस सोसायटीने आपल्याला काय लागू होतं ते सहनिबंधक (सिडको) कार्यालयाकडून लेखी घ्यावं. उत्तर काहीही आलं तरी क्रम हाच पाळावा. पुढे वाद झाला तर हातात काहीतरी असतं.

प्लँटचा विषय ‘इतर सुविधा’ या ओळीत ढकलू नका. त्याचा वेगळा ठराव करा आणि त्यात क्षमता, मालकी, किती वर्षं कोण चालवणार आणि बिल कशावर हे लिहा. बिल चौरस फुटावर लावलं की बंद गाळ्यालाही तेवढाच भार आणि चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हर रूमलाही तेवढाच. थंडाव्याचा प्रत्यक्ष वापर मोजणारा बीटीयू मीटर पाण्याचा प्रवाह आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक मोजतो, म्हणून भांडण मिटतं. करारात त्याचा उल्लेख नसेल तर तो नंतर कोणी स्वतःच्या खिशातून बसवत नाही. विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घेण्याची तरतूद याच शासन निर्णयात आहे. प्लँटची किंमत त्या खर्चात धरली आहे ना, ते तपासा.

नकाशासोबतचे कागद

क्षमता जुन्या यंत्राच्या पाटीवरून उचलू नका. नव्या इमारतीची काच वेगळी, दिवे वेगळे, माणसांची गर्दी वेगळी. सल्लागाराकडून उष्णता-भाराचा तक्ता सही-शिक्क्यासह घ्या. सगळ्या गाळ्यांची कमाल गरज एकाच तासाला येत नाही, आणि सामायिक प्लँटचा खरा फायदा तोच आहे. दुकानं संध्याकाळी तापतात, कार्यालयं दुपारी. तरीही प्रत्येक गाळ्याची कमाल बेरीज करून दुप्पट मोठं यंत्र विकणारे भेटतातच.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार (डिसेंबर २०२०) तळघरात वातानुकूलन यंत्रणा ठेवता येते. गच्चीवरच्या टाक्या, लिफ्ट रूम, एसीची यंत्रणा इमारतीच्या उंचीत धरली जात नाही. इथेच बरेचजण फसतात. विमानतळ प्राधिकरण मात्र जमिनीवरच्या सर्वात उंच टोकापर्यंत मोजतं, म्हणजे कूलिंग टॉवरच्या पंख्याच्या कड्यापर्यंत. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. परवानगीच्या उंचीत किती मजले बसतात याचा हिशोब करताना माथ्यावरची टॉवरची उंची आधी वजा करावी लागते. ऑनलाइन अर्जाला भूखंडाचे डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतं त्या पद्धतीतले) अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

वजनाचा आकडा स्ट्रक्चरल अभियंत्याला पाण्याने भरलेल्या स्थितीतला द्या; माहितीपत्रकात ठळक छापलेलं वजन अनेकदा रिकाम्या यंत्राचं असतं. अग्निशमन दलाचा तात्पुरता ना-हरकत दाखला घेताना डक्ट जिथून आगरोधक भिंत ओलांडतं तिथले फायर डॅम्पर (आग लागल्यावर डक्ट बंद करणाऱ्या झडपा) नकाशात दिसले पाहिजेत. भोगवटा मिळाल्यावर परवानाधारक संस्थेचं आगसुरक्षा देखभालीचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं.

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती आणि पुढे संचालन संमतीही. संमतीचं शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, त्यासाठी सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र जोडतात. प्लँटचा खर्च त्यातून वगळला तर संमती वाढवून घेताना प्रश्न येतात.

वीज आणि पाणी

जुनी इमारत पाडण्याआधी तिच्या सगळ्या मीटरांची बाकी भरून वीजजोडण्या कायमच्या खंडित करून घ्या. एका गाळ्याची थकबाकी राहिली तरी त्याच जागेवरची नवी जोडणी अडू शकते. महावितरणकडे नव्या भाराचा अर्ज करताना मालकीचा पुरावा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भाराचा तक्ता आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. चिलरमुळे जोडणी उच्चदाबाची होत असेल तर रोहित्राची खोली नकाशातच दाखवा, आणि वीज सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची मंजुरी घ्या.

पाण्याचा हिशोब सभेत सहसा कोणी विचारत नाही. ५०० टीआरचा पाण्यावर थंड होणारा प्लँट पूर्ण भाराने चालला तर तासाला तीन हजार लिटरच्या आसपास पाणी नुसतं वाफ होऊन जातं. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी वेगळं. पिण्याच्या पाण्याच्या जोडणीवर हा भार टाकू नका. महापालिकेची कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाण्यावर तृतीय स्तर प्रक्रिया करणारी केंद्रं आहेत आणि ते पाणी टीटीसी औद्योगिक पट्ट्याला दिलं जातं. तुमच्या भूखंडापर्यंत ती वाहिनी नसेल तर संकुलाच्या स्वतःच्या प्रक्रिया केंद्रातलं पाणी टॉवरकडे वळवण्याची वेगळी नळव्यवस्था नकाशात दाखवा.

वाफेवर चालणारी शोषण यंत्रं (चिलरचाच एक प्रकार) किंवा रुग्णालय-हॉटेलसाठी बॉयलर असेल तर आणखी एक दार आहे: बाष्पके संचालनालय. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. डिझेलचा साठा २,५०० लिटरच्या आत आणि एकही टाकी १,००० लिटरपेक्षा मोठी नसेल तर पेट्रोलियम परवाना लागत नाही. त्यापुढे तो घ्यावा लागतो.

जुना प्लँट बंद करताना

जुन्या यंत्रात थंडावा देणारा वायू बहुधा आर-२२ किंवा आर-१२३ असतो. दोन्ही एचसीएफसी गटातले, ओझोनला घातक. २००० च्या ओझोन नियमांखाली भारतात हा गट २०३० पर्यंत जवळपास संपवायचा आहे. नवं यंत्र आर-१३४ए या एचएफसी वायूवर घेताना हेही लक्षात घ्या की भारताने असे वायू कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली दुरुस्तीला २०२१ मध्ये मान्यता दिली आहे आणि एचएफसी वायूंची कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होईल. पंचवीस वर्षं चालणाऱ्या यंत्राला या तारखा मध्येच गाठणार. कमी तापमानवाढ-क्षमतेचा वायू चालेल का, हा प्रश्न निविदेतच विचारा.

पाडकाम करणाऱ्याच्या हाती गॅसने भरलेलं यंत्र देऊ नका. आधी यंत्रातला गॅस सेवा कंपनीकडून पेसोमान्य (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेने मान्य केलेल्या) सिलिंडरमध्ये काढून घ्या आणि किलोंमध्ये पावती मागा. कॉम्प्रेसरचं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकाकडे दिल्याची पोच जपून ठेवा. जुने गाळे टप्प्याटप्प्याने रिकामे होणार असतील तर शेवटच्या गाळेधारकापर्यंत थंडावा कोण देणार आणि भाड्याच्या तात्पुरत्या चिलरचा खर्च कोणाच्या नावावर, हे विकास करारातच लिहून घ्या. जुन्या यंत्रातला गॅस काढायची तारीख ही सोय झाल्यानंतरची ठेवा.